डिस्क स्वस्त होईपर्यंत थांबावं का? गेल्या दिवाळीपासूनचा अनुभव

ऑगस्टमध्ये माझा प्लेअर बंद पडला. त्यानंतर सर्व्हिस सेंटरशी जे भांडण झालं, त्यात चित्रपटाची डिस्क कधी घ्यायची याबद्दलचं माझं मत निम्मं बदललं. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

प्लेअर ४के ब्लू-रेचा (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त बारकाव्याचं चित्र देणारी डिस्क म्हणजे ब्लू-रे आणि तिची सगळ्यात वरची आवृत्ती ४के), गेल्या दिवाळीत घेतलेला. चित्र आणि आवाज यांच्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहून आलंय, त्यामुळे मी थोडक्यात सांगते. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचं (सेकंदाला किती माहिती येते त्याचं माप) कनेक्शन पुरेसं मानतं, ४के डिस्कला १२८पर्यंत मुभा आहे. अंधारातला प्रसंग, पाऊस, धूर असं काही पडद्यावर आलं की हा फरक चष्मा न लावताही दिसतो. पैसे वसूल. आता मूळ मुद्दा, म्हणजे डिस्क कोणत्या भावाला आणि कधी घ्यायची.

आमच्या घरात कुठलीच वस्तू आली त्या दिवशी घेतली जात नाही. आंबेसुद्धा अक्षय्य तृतीयेनंतर भाव उतरला की येतात. त्यामुळे डिस्कच्या बाबतीतही मी वही केली. नाव, पहिल्या दिवसाचा भाव, मग दर महिन्याचा भाव. ऑनलाइन दुकानांसाठी कीपासारखं साधन किमतीचा जुना आलेख दाखवतं, तरी वही ठेवाच. आलेखात विक्रेता बदललेला पटकन लक्षात येत नाही आणि भलत्याच माणसाचा भाव आपण कंपनीचा समजून बसतो.

वहीतून पहिली गोष्ट कळली ती ही की किंमत सरळ खाली येत नाही. अमेरिकेत नव्या डिस्क मंगळवारी येतात आणि मोठी दुकानं गिऱ्हाईक खेचायला पहिल्या आठवड्यात भाव पाडतात. आठवडा संपला की भाव परत वर जातो आणि दोन-तीन महिने तिथेच बसतो. हा मधला काळ सगळ्यात वाईट. ज्याला पहिल्या आठवड्यात जमलं नाही आणि थांबवतही नाही, तो इथे पूर्ण पैसे मोजतो. खरी घसरण पहिल्या मोठ्या सेलमध्ये होते, तिकडे नोव्हेंबरचा ब्लॅक फ्रायडे, इकडे दसरा-दिवाळी. तिकडे ३० डॉलरच्या आसपास आलेली ४के डिस्क तेव्हा १५-२०वर येते. त्यानंतर दोन वेळा लक्ष ठेवायचं. त्या चित्रपटाचा पुढचा भाग थिएटरात लागणार असेल तर आधीचा भाग स्वस्तात काढतात, नाहीतर दोन-तीन भागांचा एकत्र संच येतो. आणि एखाद्या जुन्या चित्रपटाची पंचविसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षाची ४के आवृत्ती जाहीर झाली की त्याची आधीची ब्लू-रे मातीमोल भावाने मिळते. टीव्ही बत्तीस-चाळीस इंची असेल तर ती जुनी ब्लू-रे डोळे मिटून घ्या.

आणि मग शेवटचा टप्पा, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. छपाई थांबते, गोदामातला माल संपतो आणि भाव पुन्हा वर चढायला लागतो. म्हणजे हा आलेख पसरट कढईसारखा असतो आणि आपल्याला गाठायचा असतो तो तिचा तळ. तळ किती लांब आहे ते चित्रपटागणिक वेगळं. लाखोंनी खपलेल्या इंग्रजी चित्रपटाचा तळ वर्षानुवर्षं चालतो. छोट्या प्रकाशकाने मर्यादित प्रती काढल्या असतील तर तळ येतच नाही, भाव पहिल्या दिवसापासून वरच जातो.

ही किमतीची उतरंड नेहमी अशी नव्हती. व्हीएचएसच्या काळात अमेरिकेत नवी कॅसेट ८०-९० डॉलरला यायची, कारण ती भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी असायची. घरच्या गिऱ्हाइकासाठी काही महिन्यांनी तीच २०-२५ डॉलरला निघायची. तिथे थांबणं हे शहाणपण नव्हतंच, दुसरा मार्गच नव्हता. डीव्हीडी आली ती सुरुवातीपासून घरी विकत घेण्याच्या भावात. आपल्याकडे २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा तर थांबण्याचा प्रश्नच निकालात निघाला. वडापाव खाता खाता लोक दोन-तीन चित्रपट घेऊन घरी जायचे. त्या वर्षांत ज्यांनी कपाटं भरली त्यांचा मला आजही हेवा वाटतो.

आता केसबद्दल, म्हणजे डिस्क ज्या प्लॅस्टिकच्या डबीत येते तिच्याबद्दल. हे मला कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून वेळ घेऊन लिहिते.

किंमत पडते तेव्हा फक्त किंमत पडत नाही. पहिल्या छपाईला पुठ्ठ्याचं बाहेरचं कव्हर असतं, ते पुढच्या छपाईत गायब होतं. आतली पुस्तिका जाते. जादा मुलाखती असलेली दुसरी डिस्क जाते. हे सगळं मी सहन करते. पण केस बदलते ते मला सहन होत नाही. मूळची निळी केस जाड, तिचं प्लॅस्टिक दाबलं तर वाकतं आणि परत जागेवर येतं. स्वस्त आवृत्तीत इको केस येते, म्हणजे कव्हरच्या कागदामागच्या भागाला मोठमोठी भोकं पाडून प्लॅस्टिक वाचवलेली. कव्हरचा कागद त्या भोकांवर नुसता ताणलेला असतो, बोट लागलं की आत खचतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्या कागदाला पोक येतो, आणि एकदा पोक आला की तो उन्हाळ्यातही जात नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधलं बटण, ज्यात डिस्कचं भोक अडकतं ते. चांगल्या केसमध्ये ते दाबलं की दाते आत जातात आणि डिस्क अलगद वर येते. स्वस्त केसमध्ये दोन प्रकार बघितले. एकात बटणाचे दाते इतके ठिसूळ की कुरियरमध्येच एक-दोन तुटतात आणि डिस्क केसमध्ये मोकळी फिरते. पार्सल हलवून बघा, आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला तर दाते गेलेले आहेत. दुसऱ्यात बटण इतकं घट्ट की डिस्क काढताना ती धनुष्यासारखी वाकते. हे जास्त धोक्याचं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध सुरक्षित असते. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचणाऱ्या बाजूच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कठीण लेप असतो म्हणून साध्या ओरखड्यांना ती डीव्हीडीपेक्षा चांगली टिकते, पण वाकवलेली तिला चालत नाही. भोकाभोवती बारीकशी चीर गेली की ती बाहेर सरकत जाते.

एका विक्रेत्याकडून मागवलेल्या सेलमधल्या डिस्कांपैकी बऱ्याच खुळखुळत आल्या. बदलून मागितल्या तर उत्तर आलं, 'डिस्क चालते ना, केस ही पॅकेजिंग आहे.' अहो, केस हे पॅकेजिंग नाही. मी डिस्क घेते ती वीस वर्षं ठेवायला, आणि वीस वर्षं तिला धरून ठेवणारं हे एवढंच बटण आहे. चप्पल घेताना अंगठा तुटलेला असेल तर दुकानदार 'तळवा शाबूत आहे ना' म्हणतो का? म्हणून आता माझा हिशेब असा आहे: पहिल्या छपाईची निळ्या केसमधली प्रत आणि स्वस्त आवृत्ती यांच्यात दीडशे-दोनशे रुपयांचाच फरक असेल तर पहिली छपाई घ्यायची. मालाच्या फोटोत केसची मागची बाजू दाखवा असं विक्रेत्याला सरळ विचारा. जो दाखवत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

डिस्क काढताना बटणावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने कड धरा, कडेने उपसू नका. पुसायची असेल तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. कपाटात पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डिस्कला सहसा काही होत नाही, कव्हरच्या कागदाला बुरशी येते.

जुलैपर्यंत माझं मत ठाम होतं: थांबा, दिवाळीची वाट बघा, भाव पडतोच. मग प्लेअरने ब्लू-रे वाचणं बंद केलं. गंमत अशी की डीव्हीडी व्यवस्थित चालत होत्या. ब्लू-रे किंवा ४के टाकली की थोडा वेळ घरघर आणि मग 'नो डिस्क'.

वॉरंटीचं वर्ष संपायला अवकाश होता. सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन आठवडाभर ठेवून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, 'ओलाव्यामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही.' मी विचारलं, मशीनवर पाणी सांडल्याची खूण कुठे आहे, दाखवा. दाखवता आली नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत ओलावा असणारच, मग हे मशीन मुंबईत विकलं कशाला? काउंटरवरची मुलगी बिचारी म्हणाली, 'मॅडम, खरं सांगू का, तो पार्टच येत नाही आता.' हे खरं कारण. ते कागदावर लिहायची त्यांची तयारी नव्हती. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र कंपनीचा फोन लगेच आला: घसारा कापून पैसे परत घ्या, मशीन आम्हाला द्या.

इथेच माझा हिशेब उलटा झाला. परत मिळणाऱ्या रकमेत दुसरा ४के प्लेअर येईल का म्हणून मी चौकशी केली. नव्या प्लेअरचा भाव माझ्या खरेदीपेक्षा बराच वर गेला होता, आणि निवड तर जवळपास उरलीच नव्हती. बनवणारेच कमी होत चाललेत. ओप्पोने २०१८मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणार नाही असं सांगितलं, एलजी २०२४च्या अखेरीस बाहेर पडली. (सोनीने फेब्रुवारी २०२५पासून ब्लू-रे बनवणं बंद केलं असं सांगणारे भेटतात. ते कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्कबद्दल होतं. चित्रपटाच्या डिस्क वेगळ्या.) म्हणजे मी डिस्कचे शंभर-दोनशे रुपये वाचवायला वर्ष काढतेय आणि त्याच वर्षात ती डिस्क वाचणारं मशीन महाग होतंय. ही दुसरी बाजू वहीत नव्हती. आता आहे. प्लेअरसाठी अजिबात थांबू नका. चांगला मिळतोय तोवर घ्या, आणि जमत असेल तर दुसरा जुना उचलून ठेवा.

पैसे मी घेतले नाहीत. मशीन परत आणलं आणि लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेऊन गेले. जिना चढून वर एक छोटा गाळा आहे, टेबलावर उघडी मशीनं आणि वर भिंग लावलेला दिवा. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी माझं ऐकून घेतलं आणि झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, 'डीव्हीडी चालते, ब्लू-रे नाही, म्हणजे निळा लेझर गेला.' डीव्हीडी लाल लेझरने वाचली जाते, ६५० नॅनोमीटरच्या. ब्लू-रेचा ४०५चा, निळसर जांभळा. दोन्ही डिस्क वाचणाऱ्या एकाच भागात, म्हणजे मुंडीत, बसवलेले असतात, पण एक मरतो तेव्हा दुसरा जिवंत राहू शकतो. त्यांनी आधी कापसाच्या काडीने भिंग पुसून बघितलं, फरक पडला नाही. मग ड्रॉवर काढला, खालची पट्टीसारखी वायर चिमट्याने सोडवली आणि पूर्ण मुंडी बाहेर आली, काड्यापेटीएवढी. दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधली मुंडी तिथे बसली. 'कंपन्या वेगळ्या, पण आतलं एकच असतं मॅडम,' काका म्हणाले. ओलाव्याची खूण त्यांना आत कुठेही दिसली नाही. गंज नाही, बुरशी नाही. दुरुस्तीला जे पैसे लागले ते एका नव्या ४के डिस्कपेक्षा थोडे जास्त. मशीन तेव्हापासून बिनतक्रार चालतंय. सर्व्हिस सेंटरच्या त्या कागदावर माझा राग अजून शमलेला नाही.

आता मराठीबद्दल, कारण थांबण्याचा नियम इथे पूर्ण उलटा लागतो. मराठी चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या डिस्कला तळ नसतो. दीडशेला आलेली डीव्हीडी नव्व्याण्णवला येते आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा ती नसते. पुनर्मुद्रण जवळजवळ होत नाही. दादरला स्टेशनजवळ जिथे नाटकांच्या व्हीसीडींची अख्खी भिंत होती तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्या-चित्रपटांच्या डिस्कचं दुकान २०१६मध्ये बंद झालं, तेव्हापासून शहरात उभं राहून चाळून बघावं असं ठिकाण मला तरी सापडलेलं नाही. बाबांना नाटकं लागतात. एका व्हीसीडीत जेमतेम ऐंशी मिनिटं मावतात, त्यामुळे पहिला अंक एका डिस्कवर, दुसरा दुसऱ्यावर, आणि बाबा मधे उठून चहा टाकतात. त्यातली काही नाटकं यूट्यूबवर आहेत, पण मधेच कापलेली, किंवा दर दहा मिनिटांनी जाहिरात. काही कुठेच नाहीत, कलाकार गेले आणि ती व्हीसीडी तेवढी राहिली. म्हणून मराठी काहीही दिसलं, सील असलेलं असो वा वापरलेलं, रद्दीवाल्याकडे, चोर बाजारात, कोणी घर रिकामं करत असेल तिथे, भाव न बघता घ्या. अगदी भाव बघायचाच असेल तर तो नंतर बघा.

हिंदीचं अधलंमधलं आहे. जुन्या डीव्हीडी बऱ्याच ऑल रिजन असतात, कुठेही चालतात, आणि वापरलेल्या अजून विपुल आहेत. नवी हिंदी ब्लू-रे मात्र दुर्मीळ. चित्रपट साधारण आठ आठवड्यांत ओटीटीवर येतो, मग डिस्क काढायचा खर्च कोण करणार? आली तर पहिल्या महिन्यात घ्या.

बाहेरून मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकेत बार्न्स अँड नोबल या दुकानसाखळीत जुलै आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियन या प्रकाशकाच्या डिस्क निम्म्या भावात मिळतात. हा सेल वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे त्या प्रकाशकाची डिस्क इतर वेळी पूर्ण भावात घेण्यात काही अर्थ नाही. पण कुरियरचा खर्च आणि सीमाशुल्क धरलं तर सवलत तिथेच संपते. माझा भाचा डिसेंबरमध्ये येतो, त्याच्या बॅगेतून येतात म्हणून मला परवडतं. तरी एक अडचण राहते. ब्लू-रे जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरमध्ये चालेल ते तिच्या रिजनवर ठरतं. अमेरिकेची ब्लू-रे रिजन ए, आपला देश रिजन सी. मोठ्या स्टुडिओंच्या अनेक ब्लू-रेंवर हे बंधन प्रत्यक्षात नसतं, क्रायटेरियनच्या ब्लू-रेवर असतं. ४के डिस्कला रिजनच नाही. त्यामुळे ४के आणि ब्लू-रे एकत्र असलेला संच घेतलात तर चित्रपट इथे दिसेल, पण जादा मुलाखती आणि माहितीपट बहुधा सोबतच्या ब्लू-रेवर असतात आणि ती आपल्या प्लेअरमध्ये चालणार नाही. निम्म्या भावात घेऊनही निम्माच माल बघायला मिळतो, हे धरून चाला. मुलाखतींसाठीच घेणार असाल तर आधी रिजन-फ्री प्लेअरची सोय बघा.

नोव्हेंबरची यादी भाच्याला पाठवली आहे. या वेळी त्याला सांगितलंय की बॅग भरताना डिस्क केसमधून काढून कापडी पाकिटात घाल आणि रिकाम्या केस कपड्यांमध्ये वेगळ्या ठेव, म्हणजे बटणं तुटली तरी डिस्कना धक्का नाही. तुटलेल्यांसाठी मला जाड निळ्या रिकाम्या केस हव्या आहेत, बारा मिलिमीटरच्या, भोकं नसलेल्या. लॅमिंग्टन रोडला विचारलं, तिथे फक्त काळ्या डीव्हीडीच्या मिळतात आणि त्या उंचीला जास्त असल्यामुळे ब्लू-रेचं कव्हर त्यांत नीट बसत नाही. मुंबई-ठाण्यात कोणाला सुट्या मिळण्याचं ठिकाण माहीत असेल तर कृपया कळवा, शंभराचं खोकं घ्यावं लागलं तरी चालेल.